मंद उजेडाची साक्ष

चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावले होते. विषय मीच सुचवला होता : एकट्या अणूचे छायाचित्र. पडद्यावर मी ऑक्सफर्डचे ते प्रसिद्ध छायाचित्र दाखवले. काळोखात धातूचे इलेक्ट्रोड आणि त्यांच्या मधोमध फिकट निळसर-जांभळा ठिपका. डेव्हिड नॅडलिंगर या संशोधक विद्यार्थ्याने ऑगस्ट २०१७मध्ये साध्या कॅमेऱ्याने, निर्वात पात्राच्या काचेतून ते टिपले. २०१८मध्ये ब्रिटनच्या अभियांत्रिकी व भौतिक विज्ञान संशोधन परिषदेच्या छायाचित्र स्पर्धेत त्याला सर्वोच्च बक्षीस मिळाले. तो ठिपका म्हणजे स्ट्रॉन्शियमचा एक आयन, एक इलेक्ट्रॉन गमावलेला एकटा अणू. सभागृह एकदम शांत झाले. वक्त्याला हवा असतो तसा तो क्षण होता.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, असे नंतर कळले. ते म्हणाले, "मॅडम, हा अणू सापळ्यात सारखा मागंपुढं हलतो असं तुम्ही आत्ताच सांगितलंत. फोटोला तर बराच वेळ लागला असणार. मग फोटो हलला कसा नाही?"

मी म्हणाले, "लेसरने थंड करून त्याला जागच्या जागी स्थिर केलंय ना काका, म्हणून."

त्यांनी मान डोलावली, टाळ्या झाल्या, चहा झाला. परतीच्या गाडीत मात्र त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. घरी पोचल्यावर कागदावर चार आकडे मांडले आणि माझे उत्तर चुकीचे होते हे दिसले. किरकोळ चूक नव्हती. त्या छायाचित्रावरून जे कळूच शकत नाही, ते त्यातून दिसते असे मी भरसभेत सांगितले होते.

प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती आहे. सापळ्यातल्या आयनाची हालचाल आणि त्याचे थंड होणे आपल्याला नेमके कशावरून कळते, हा त्याचा विषय. त्यासाठी २००७मध्ये प्रसिद्ध झालेले दोन शोधनिबंध मी जरा बारकाईने वाचणार आहे. मी प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ नाही. भोसरीच्या एका कारखान्यात मापन विभागात बावीस वर्षे गेज तपासण्याचे काम केले आणि भौतिकशास्त्र रात्री, जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकांवर शिकले. त्यामुळे माझे वाचन मापनाच्या बाजूने होते. आकडा काय आला यापेक्षा तो कशाने घेतला आणि घेताना जॉबवर दाब किती पडला, इकडे माझे लक्ष आधी जाते.

छायाचित्रात काय नाही

आधी ते चार आकडे. छायाचित्रातल्या दोन टोकांमधले अंतर सुमारे २ मिलिमीटर आहे. आयन सापळ्यात सेकंदाला साधारण दहा लाख हेलकावे घेतो असे धरू. अशा सापळ्यांत ही संख्या नेहमीची आहे. लेसरने साध्या रीतीने जितके थंड करता येते तितके केले, तर स्ट्रॉन्शियमचा आयन निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे अर्ध्या मिलिकेल्विनला येतो. त्या वेळी त्याच्या हेलकाव्याचा पल्ला सुमारे ३५ नॅनोमीटर असतो. त्याच्यातून निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४२२ नॅनोमीटर. म्हणजे हा पल्ला प्रकाशाच्या एका लाटेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी झाला.

आता हाच आयन दोन हजार पट तापला आणि १ केल्विनला गेला असे समजू. पल्ला तापमानाच्या वर्गमुळाने वाढतो, तेव्हा तो सुमारे दीड मायक्रोमीटर होईल. दोन मिलिमीटरच्या फटीत दीड मायक्रोमीटर म्हणजे हजारातला एक भागही नव्हे. साध्या कॅमेऱ्याच्या भिंगाला तो कळणार नाही. थोडक्यात, आयन थंड असो वा दोन हजार पट तापलेला असो, ठिपका तेवढाच आणि तसाच रेखीव दिसला असता. फोटो न हलण्याचे कारण भिंगाच्या मर्यादेत आहे. अणूच्या थंडपणाशी त्याचा संबंध नाही.

ठिपक्याचा आकारही अणूचा नाही. अणूचा व्यास नॅनोमीटरच्या अंशाएवढा असतो. ठिपका दिसतो तेवढा रुंद केला आहे तो भिंगाने. छायाचित्रकाराचा यात काही दोष नाही. त्याने चित्राला दिलेले नाव 'आयन सापळ्यातला एकटा अणू' एवढेच आहे आणि ते खरे आहे. चित्र फिरत गेले तसे त्याच्याभोवती आपण जे बोलत गेलो, त्यात गफलत शिरली. 'अणू दिसला' हे म्हणणे एक वेळ चालेल. 'अणू स्थिर झालेला दिसला' हे चालणार नाही. दिसली ती जागा आणि तिथून येणारा उजेड. हालचाल दिसलेली नाही.

मग हालचाल कळते कशी? ठिपक्याच्या रूपावरून ती कळत नाही, तो किती तेजस्वी आहे आणि ते तेज कसे बदलते यावरून कळते.

ब्रेक आणि साक्षीदार

विद्युतभारित कणाला नुसत्या स्थिर विद्युतक्षेत्राने एका जागी धरून ठेवता येत नाही, हे अर्नशॉ यांनी १८४२मध्येच दाखवले होते. जर्मनीत बॉन येथे वोल्फगांग पाउल यांनी १९५०च्या दशकात त्यातून वाट काढली. त्यांनी क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केली. कण एका बाजूने निसटायच्या आत ती बाजू बंद होते आणि सरासरीने तो मध्यभागी राहतो. १९८९च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात पाउल यांच्यासोबत हान्स डेमेल्ट यांचाही वाटा होता.

सापळ्यात धरलेला आयन थंड नसतो. त्याला लेसरने थंड करता येईल हा विचार १९७५मध्ये दोन ठिकाणी मांडला गेला. हेन्श आणि शॉलो यांनी तो मुक्त अणूंसाठी मांडला, वाइनलँड आणि डेमेल्ट यांनी सापळ्यातल्या आयनांसाठी. १९७८मध्ये दोन प्रयोगशाळांनी तो करून दाखवला. अमेरिकेत बोल्डर येथे मॅग्नेशियमच्या आयनांवर, तर जर्मनीत हायडेलबर्ग येथे बेरियमच्या आयनांवर. पुढे १९८०मध्ये हायडेलबर्गच्याच गटाने बेरियमच्या एकट्या आयनाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. ऑक्सफर्डच्या ठिपक्याआधी सदतीस वर्षे.

यातली युक्ती झोपाळ्याची आहे. झोपाळा तुमच्याकडे येत असताना हाताने थोडा थोडा अडवला आणि दूर जाताना हात काढून घेतला, तर तो हळूहळू थांबतो. इथे हात म्हणजे फोटॉन. आयन लेसरकडे येत असला तर डॉप्लर परिणामामुळे त्याला लेसरची वारंवारता किंचित वाढलेली वाटते, दूर जात असला तर कमी झालेली. म्हणून लेसरची वारंवारता मुद्दाम आयनाला पसंत असलेल्या वारंवारतेपेक्षा थोडी खाली ठेवतात. मग समोरून येतानाच ती बरोबर जुळते आणि त्याच वेळी आयन जास्त फोटॉन गिळतो. गिळलेला प्रत्येक फोटॉन मागे रेटतो. नंतर आयन तो फोटॉन बाहेर टाकतो, पण कोणत्याही एका ठरलेल्या दिशेला टाकत नाही, त्यामुळे त्या धक्क्यांची सरासरी शून्य होते. शिल्लक राहतो तो ब्रेक.

माझी दुसरी कबुली इथे देऊन टाकते. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी आयन थंड करायला 'सहा बाजूंनी लेसर' लागतात असे लिहिले होते. सापळ्याबाहेरच्या मुक्त अणूंच्या बाबतीत ते खरे. सापळ्यातला आयन मात्र स्वतःच पुढे जातो आणि परत येतो. त्याच्या तिन्ही दिशांच्या हालचालींशी तिरका राहील असा एक लेसर पुरतो.

आयनाने बाहेर टाकलेला हा प्रकाश म्हणजेच फ्लुओरेसन्स, आपला ठिपका. म्हणजे ज्या फोटॉनने आयनाला मागे रेटले, तोच बाहेर पडून आपल्याला त्याची बातमी सांगतो. ब्रेक तोच आणि साक्षीदारही तोच. या विषयातल्या बहुतेक सगळ्या अडचणी आणि बहुतेक सगळी मौज या एका गोष्टीत आहे.

घावन घालणाऱ्या बाईला हे सांगावे लागणार नाही. तवा तापला का ते बघायला ती पाण्याचे चार थेंब शिंपडते. थेंब चर्र करून उडाले तर तवा तापलेला. पण तेच थेंब तवा थोडा निववतातही. तवा मोठा आणि थेंब लहान, म्हणून तो फरक आपण सोडून देतो. आयनाच्या बाबतीत तो सोडता येत नाही. मॅग्नेशियमच्या आयनाला एका फोटॉनचा धक्का सेकंदाला सुमारे ६ सेंटिमीटर वेग देतो आणि असे फोटॉन तो सेकंदाला कोट्यवधी गिळतो. तवा तापलाय का हे विचारता विचारताच तो निवून जातो.

अंधारात काय झाले

आता मूळ प्रश्नाकडे येते. लेसर चालू आहे तोवर आयन थंडच राहणार. पण क्वांटम संगणकात किंवा आयनाच्या घड्याळात कामाच्या वेळी हा थंड करणारा लेसर बंद ठेवावा लागतो. त्या अंधारात आयन पुन्हा तापू लागतो. सापळ्याच्या इलेक्ट्रोडांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत गडबड चालू असते आणि ती आयनाला ढकलत राहते. किती वेगाने? हे मोजायचे, तर बघायला उजेड हवा. आणि उजेड केला की मोजायची गोष्ट पुसली जायला लागते.

२००७मध्ये बोल्डरच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतून आलेल्या दोन शोधनिबंधांनी या अडचणीलाच उत्तर केले. 'फिजिकल रिव्ह्यू ए' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पहिल्याचे प्रथम लेखक वेसेनबर्ग, दुसऱ्याचे एपस्टाइन. पहिल्यात सिद्धान्त अधिक आहे, दुसऱ्यात मोजमाप.

रीत ऐकायला अगदी साधी आहे. आयन थंड करा. लेसर बंद करा. ठरावीक काळ थांबा. लेसर लावा आणि लावल्या क्षणापासून किती फोटॉन येतात ते काळाच्या बारीक बारीक तुकड्यांत मोजा. तापलेला आयन वेगाने धावत असतो, त्यामुळे बहुतेक वेळ त्याची वारंवारता लेसरशी जुळत नाही. एका हेलकाव्यात मोजके क्षण ती जुळते आणि तेवढ्यातच फोटॉन मिळतात. म्हणून सुरुवातीचा उजेड मंद असतो. त्या मोजक्या क्षणांत थोडाथोडा ब्रेक लागत जातो, आयन निवतो, जुळणारा काळ वाढतो आणि उजेड वाढत वाढत नेहमीच्या पातळीला येतो. तिथवर यायला किती वेळ लागला आणि वाट कशी होती, यावरून सुरुवातीला आयनाकडे ऊर्जा किती होती ते मागे जाऊन काढायचे. तव्याच्या भाषेत सांगायचे तर, थेंबांनी तवा निवतो ही तक्रार न करता तो निवायला किती थेंब लागले तेच मोजायचे.

मला या निबंधांचा सगळ्यात मोठा गुण इथे वाटतो. मापनाच्या कामात जॉबवर पडणारा दाब हा दोष धरतात. पातळ पत्रा मायक्रोमीटरमध्ये धरला की दबतो, म्हणून तर मायक्रोमीटरला रॅचेट असते. दाब कमी करण्याचा आटापिटा सोडून दाबाखाली पत्रा कसा दबत गेला त्याचाच आलेख काढावा आणि त्यावरून मूळची जाडी सांगावी, हे आमच्या विभागात कुणाला सुचले नसते.

आकड्यांत बघू. एपस्टाइन यांच्या निबंधातला सापळा स्फटिकी नव्हे अशा शुद्ध क्वार्ट्झ काचेवर सोन्याचा थर देऊन केलेला होता. त्यात आयन पृष्ठभागापासून ४० मायक्रोमीटरवर तरंगत होता. हेलकाव्यांची वारंवारता ५.२५ मेगाहर्ट्झ असताना तापण्याचा वेग त्यांना सेकंदाला ३०० पुंज, कमीअधिक ३०, असा मिळाला. पुंज म्हणजे हेलकाव्याच्या ऊर्जेचे सगळ्यात लहान नाणे. त्याहून लहान देवघेव होत नाही.

पुढचा हिशेब माझा आहे. एक सेकंद अंधारात राहिल्यावर आयनाकडे ३०० पुंज जमले, तर ती ऊर्जा सुमारे ०.०७५ केल्विनची होते आणि वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर. २८० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी याचा डॉप्लर फरक १८ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. मॅग्नेशियमच्या आयनाची या प्रकाशाची नैसर्गिक रेषा ४१ मेगाहर्ट्झ रुंद आहे. म्हणजे सेकंदभराच्या तापण्याने उजेडात पडणारा फरक फारसा ठळक नसणार. दहा सेकंद थांबलो तर वेग १६ मीटर होतो, फरक ५७ मेगाहर्ट्झ होतो आणि तो रेषेच्या रुंदीला ओलांडतो. आता उजेड स्पष्ट मंदावेल. या पद्धतीचे काम हजारो पुंजांच्या प्रदेशात चालते. दहावीस पुंजांवर ती आंधळी आहे.

आणखी एक गोष्ट. २८० नॅनोमीटर हा अतिनील प्रकाश. ज्या आयनावर हे सगळे मोजले गेले, त्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. आयनाच्या हालचालीविषयी आपल्याला जी पक्की माहिती आहे, तिचा पुष्कळसा भाग छायाचित्रात कधीच न येणाऱ्या ठिपक्यांकडून आली आहे.

धूर आणि ओले इंधन

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात पर्वतावरच्या धुराचे उदाहरण सतत येते. धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान. धूर असेल तिथे अग्नी असतोच, ही व्याप्ती पक्की असल्याशिवाय ते उभे राहत नाही. उलट दिशेने मात्र ते चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धूर व्हायला इंधन ओले लागते. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात.

या दोन निबंधांना हाच प्रश्न विचारायला हवा. उजेड मंद आहे म्हणून आयन तापलेला आहे, या अनुमानात उपाधी कोणत्या?

पहिली अगदी व्यवहारातली. उजेड इतर कारणांनीही मंद होतो. लेसरची वारंवारता जराशी सरकली, तरी होतो. पोकळीत उरलेल्या हायड्रोजनच्या रेणूशी आयनाचा संयोग झाला, तर तो लेसरला प्रतिसादच देत नाही. काही आयन अशा दुसऱ्या पातळीत जाऊन बसतात की तिथून परत येईपर्यंत पूर्ण अंधार असतो. १९८६मध्ये तीन प्रयोगशाळांनी एकट्या आयनाचा उजेड अचानक बंद होताना आणि अचानक लागताना पाहिला आणि त्यातून क्वांटम उड्या प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या, त्या अशाच पातळ्यांमुळे. तेव्हा ठिपका विझला याचा अर्थ आयन गेला असा नाही, आणि मंदावला याचा अर्थ तापला असाही नाही. या पद्धतीच्या बाजूने एवढे म्हणता येते की ती नुसत्या मंदपणावर विसंबत नाही. मंद उजेड ठरावीक वळणाने पूर्ववत व्हावा लागतो. सरकलेला लेसर किंवा आयनाचा हायड्रोजनशी झालेला संयोग तसे वळण देणार नाही.

दुसरी उपाधी अधिक सूक्ष्म आहे. एका वेळच्या मोजणीत काळाच्या प्रत्येक तुकड्यात इतके थोडे फोटॉन पडतात की आलेख बनतच नाही. म्हणून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून बेरीज घ्यावी लागते. प्रत्येक खेपेला आयनाची सुरुवातीची ऊर्जा वेगळी असते. या ऊर्जा उष्णतेच्या नेहमीच्या नियमाने विखुरलेल्या आहेत असे धरून सरासरी वक्र काढतात आणि तो मोजलेल्या वक्रावर बसवून तापमान सांगतात. एकट्या आयनाचे तापमान ही त्यामुळे त्या आयनाची त्या क्षणीची अवस्था नाही. अनेक खेपांचा गोषवारा आहे. आयनाला अस्ताव्यस्त धक्के न बसता एखादी बाहेरची लहर त्याला तालात झुलवत असेल, तरीही वक्र बसवणारा माणूस एक आकडा काढील आणि त्याला तापमान म्हणेल. वक्र नीट बसत नाही हे दिसले तरच शंका येईल.

तिसरी उपाधी गणिताची. वेसेनबर्ग यांचे सूत्र एकाच दिशेच्या हेलकाव्यासाठी सुटसुटीत निघते. खरा आयन तीन दिशांनी हलतो. त्यात सापळ्याच्या उलटसुलट क्षेत्रामुळे होणारी बारीक थरथर असतेच. निबंध हे लपवत नाही. थरथरीचा आणि दिशांच्या आपसातल्या देवघेवीचा परिणाम त्यात वेगळा चर्चिला आहे. तरी पद्धतीचा साधेपणा सांगताना जो आकडा पुढे केला जातो, तो एका दिशेच्या चित्रातून येतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दोन गेजांचा मेळ

मग यावर विश्वास का ठेवायचा? कारण दोन्ही निबंधांत हे मोजमाप दुसऱ्या, अधिक अवघड पद्धतीशी ताडून पाहिले आहे.

ती पद्धत अशी. आयनाच्या मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन फिकट रेषा असतात. एकीवर लेसर लावला तर आयन हेलकाव्यातला एक पुंज देऊन टाकतो, दुसरीवर लावला तर एक पुंज घेतो. देण्यासाठी पुंज शिल्लकच नसेल, तर पहिली रेषा नाहीशी होते. दोन रेषांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून पुंजांची सरासरी संख्या मिळते. बोल्डरमध्येच १९८९ साली डीडरिश आणि सहकाऱ्यांनी पाऱ्याचा एक आयन असा थंड केला की ९५ टक्के वेळा तो हेलकाव्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर सापडला. या पद्धतीतही शेवटचा साक्षीदार फ्लुओरेसन्सच असतो, पण त्याला फक्त हो की नाही एवढेच विचारतात. ठिपका लागला की विझला. त्याच्या मंदपणाला इथे किंमत नाही.

दोन पद्धतींचे आकडे बऱ्यापैकी जुळतात, असा दोन्ही निबंधांचा निष्कर्ष आहे. पहिल्या वाचनात मला तो मिळमिळीत वाटला होता. आमच्याकडे 'बऱ्यापैकी' लिहिलेला रिपोर्ट साहेबांच्या टेबलावरून परत आला असता. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे वजन कळले. रेषांची पद्धत मोजक्या पुंजांच्या प्रदेशात काम करते, उजेडाची पद्धत हजारोंच्या. दोघींच्या फूटपट्ट्या एकमेकींवर पडतच नाहीत. खाली मोजलेला तापण्याचा वेग वर मोजलेल्या वेगाशी जुळतो, याचा अर्थ आयन पहिल्या पायरीपासून हजारोंपर्यंत साधारण एकाच दराने चढतो. मघाच्या उपाधींपैकी निदान मोठ्या चुका इथे उघड्या पडल्या असत्या. त्या पडल्या नाहीत.

उणीव एक राहते. दोन्ही गेज एकाच खोलीत, एकाच परंपरेतल्या हातांनी वापरलेले आहेत. मापन विभागात मी शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे एकाच मास्टरवरून लावलेले दोन गेज जुळले तर आनंद मानू नये. इथे ही शंका पूर्ण लागू पडत नाही, कारण दोन पद्धतींचे भौतिकशास्त्रच वेगळे आहे. पण आयन तोच, पृष्ठभाग तोच, गडबड तीच. 'बऱ्यापैकी' हा शब्द मला आता मिळमिळीत वाटत नाही. लेखकांनी जेवढे हातात आले तेवढेच सांगितले आहे.

हे कुणाच्या कामाचे

एका आयनाच्या अंधारातल्या तापण्याची एवढी चिकित्सा कशाला, असे कुणी विचारील. क्वांटम संगणकात आयन एकमेकांशी बोलतात ते या हेलकाव्यांतूनच. हेलकावा मधेच तापला की हिशेब चुकतो. इलेक्ट्रोडांच्या पृष्ठभागावरची ती गडबड नेमकी कशातून येते, हा प्रश्न अनेक वर्षे भौतिकशास्त्रज्ञांना छळतो आहे. २०१२मध्ये बोल्डरच्या गटाने सापळ्याचा पृष्ठभाग जागच्या जागी आर्गॉनच्या आयनांचा मारा करून साफ केला आणि गडबड सुमारे शंभर पटींनी उतरली. म्हणजे दोष बराचसा पृष्ठभागावरच्या मळाचा होता. आयनाच्या तापण्याचा वेग भरवशाने मोजता येत नसता, तर हे म्हणताच आले नसते.

घड्याळांचेही तसेच. हलणारे घड्याळ मागे पडते, हे आइन्स्टाइनचे म्हणणे. २०१०मध्ये ॲल्युमिनियमच्या आयनाच्या घड्याळाने सेकंदाला १० मीटरहून कमी वेगालाही ते पडताळून दाखवले. सायकलवाल्याच्या वेगाने हलणारा आयन काळ चुकवतो. पुण्यात आयुकामध्ये इटर्बियमच्या आयनाचे घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. तिथेही आयन किती हलतो हे त्याच्या उजेडालाच विचारावे लागणार.

पण मला या विषयाचा खरा धडा माझ्या स्वतःच्या कामाविषयी मिळाला. मराठीत विज्ञान लिहिणारे आम्ही लोक चित्राच्या फार आहारी जातो. चित्र दाखवले की समजले असे धरतो. 'दिसते' हे क्रियापद आम्ही 'कळते'च्या जागी सर्रास वापरतो. ऑक्सफर्डचा ठिपका सुंदर आहे आणि तो दाखवायलाच हवा. त्याच्या शेजारी मात्र एक वक्रही दाखवायला हवा : लेसर लावला, उजेड मंद होता, हळूहळू वाढला, स्थिरावला. त्या वक्रात सौंदर्य कमी असेल, पण आयनाच्या हालचालीचा पुरावा त्यातच आहे. तो दाखवायचा तर व्याख्यान वीस मिनिटे लांबते आणि सभागृह शांत होण्याऐवजी चुळबुळू लागते. मी ती वीस मिनिटे चुकवली होती. माझी चूक खरी तिथे झाली. आकड्यांची चूक त्यातूनच आली.

गेल्या वर्षी त्याच वाचनालयात पुन्हा गेले. ते गृहस्थ या खेपेला पुढच्या रांगेत होते. मी सुरुवात त्यांच्या जुन्या प्रश्नाने केली आणि माझे उत्तर चुकले होते असे सांगितले. मग फळ्यावर वक्र काढला, तव्याचे उदाहरण दिले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे गाडी उतारावर किती जोरात होती ते, ब्रेक मारल्यावर ती कितीवर जाऊन थांबली त्यावरून काढायचं. आम्ही अपघाताच्या पंचनाम्यात तेच बघायचो, मॅडम. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा."

तव्यापेक्षा ते उदाहरण चांगले होते. मी ते वहीत लिहून घेतले.